उजव्या हाताचं यंत्र

आमच्या घरात तापट माणसं दोनच. एक माझे सासरे, दुसरी मी. आमचं दोघांचं वाजलं की नवरा गाडीची किल्ली शोधायला लागतो आणि ती त्याच्या खिशातच असते. गेल्या उन्हाळ्यात आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि घर एकदम गप्प झालं. इतकं गप्प, की सिडकोतल्या आमच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवायला बसले की माझ्याच मशीनचा आवाज मला नकोसा व्हायचा. भांडायला कुणी नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

पाय लवकर सुधारला. काठी टेकत आप्पा घरातल्या घरात हिंडू लागले. जीभ थोडी जड झाली होती, पण बोललेलं समजायचं. हात मात्र तसाच राहिला. मांडीवर ठेवला की ठेवला तिथंच. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की सुरुवातीच्या महिन्यांत वापराल तेवढा हात परत येईल, नाही वापरलात तर आखडून बसेल. करमाडहून एक ताई स्कूटीवर यायच्या, व्यायाम करून घ्यायला. त्यांनी दाबायला एक पिवळा स्पंजाचा चेंडू दिला. आप्पांनी तो उशीखाली घातला आणि त्या गेल्यावर म्हणाले, "मी काय लहान लेकरू हाये का चेंडू खेळायला?"

पण खरं दुखणं जेवणाचं होतं. आप्पा कन्नडकडचे. जन्मभर मांडी घालून, उजव्या हातानं भाकरी मोडून जेवलेला माणूस. डावा हात कशासाठी असतो हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि आता त्याच हातानं चमचा धरायची वेळ आली होती. त्यांनी आमच्यासोबत जेवणं बंद केलं. ताट खोलीत न्यायला लावायचे, दार लावून घ्यायचे. भाकरी मी दुधात कुस्करून द्यायची. ताट परत यायचं तेव्हा निम्मं तसंच असायचं. पाचोडला पुतण्याचं लग्न होतं, तिथं पंगतीत बसावं लागेल म्हणून गेले नाहीत. अंगातली बंडी सैल व्हायला लागली. वर एक दिवस जाहीर केलं, "दिवाळी झाली की मी गावाकडं जातो. तिथं मला बघायला कुणी नाय." गावचं घर कुलूपबंद, रान बटईनं दिलेलं. तिथं एकटे राहून हे उपाशी मरतील, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मला त्या दिवशी खरीखुरी भीती वाटली.

श्रावणात नवरा रानातला मका बघायला गावी निघाला, तेव्हा आप्पांनी त्याला खंडेनवमीचं गाठोडं आणायला सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं-अवजारं पुजायची असतात. यंदा पूजा इथंच करावी लागणार, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. दसऱ्याला अजून खूप अवकाश होता, पण आप्पांना सगळं आधीच हाताशी लागतं.

गाठोडं आलं. विळा, कोयता, कुऱ्हाडीचं पातं आणि त्या सगळ्यांच्या खाली लाल फडक्यात गुंडाळलेली एक जड वस्तू. उघडली तर तांबड्या गंजाचा गोळाच. त्यावर कुंकवाची पुटं, वाळून काळ्या पडलेल्या झेंडूच्या पाकळ्या, मधेच कुठंतरी पितळेची चमक. टेबलाच्या कडेला पकडायचा स्क्रू दिसत होता, एक दांडा दिसत होता, बाकी काही उमगेना.

"हे काय आहे आप्पा?"

"काडतूस भरायचं यंतर."

आप्पांच्या वडिलांपासून घरात बारा बोरची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्यावर. उसात, मक्यात रानडुकरं शिरायची. तेव्हा काडतुसं कागदी असायची आणि एकदा उडवलेली पुन्हा भरून वापरायचे. भरून झाली की वर पुठ्ठ्याची चकती ठेवायची आणि या यंत्रानं कागदाचं तोंड आत वळवायचं. करंजीला मुरड घालतात तशी. पुढं तयार काडतुसं मिळायला लागली आणि यंत्राचं काम संपलं. मग नजर कमी झाली, तेव्हा आप्पांनी स्वतःहून बंदूक ठाण्यात जमा करून परवानाही बंद केला. त्या बंदुकीनं आप्पांनी आयुष्यात काय मारलं असं विचारलं तर नवरा म्हणतो, आंब्याची एक फांदी.

मी गंजाकडं बघत राहिले आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं. विळा-कोयत्यावर गंज नव्हता, यंत्रावरच होता. त्यांच्या घरची रीत अशी, की खंडेनवमीला सगळ्यांवर पाणी शिंपडायचं, ओलं हळद-कुंकू लावायचं, फूल वाहायचं आणि पूजलेलं पुसायचं नाही. विळा-कोयता दसरा झाला की रानात निघायचे, घासले जायचे. यंत्राला काम नव्हतं, नुसती पूजा होती. ते ओलं कुंकू घेऊन वर्षभर फडक्यात बसायचं. पुढच्या वर्षी त्याच्यावर पुन्हा पाणी.

माझ्या तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. मी म्हणाले, "आप्पा, ही तुम्ही पूजा केली का गंजाचं पीक घेतलं?"

"देवाचं पुसत नसतेत."

"देवाला एवढी काळजी असती तर त्यानं तेल लावलं असतं याला."

"तुला काय कळतंय गं लोखंडातलं?"

"मग मी दिवसभर चालवते ती मशीन काय लाकडाची आहे?"

आप्पांचे कान लाल झाले. कित्येक आठवड्यांत ते माझ्याशी असं सलग बोलले नव्हते. मला इतका आनंद झाला की मी अजून दोन वाक्यं लावली असती, पण त्यांनी यंत्राकडं बघितलं आणि आवाज खाली आला. "ऱ्हाऊ दे. ठेव बांधून. माझ्यावानीच झालंय ते बी."

"तुम्हाला डिझेलमधे बुडवता येत नाही आप्पा. त्याला येतं."

नवऱ्यानं किल्ली शोधायला सुरुवात केली. आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "डिझेल नको. राकेल पायजे."

रॉकेल आता शहरात कुठून आणणार? शेवटी डिझेलवरच तडजोड झाली. पण त्याआधी, परवाना नसताना असलं यंत्र घरात चालतं का ते विचारायला, मी नवऱ्याला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. आप्पा चिडले, "गंजलेल्या लोखंडाला काय घाबरती?" मला घाबरायला आवडतं, नंतर धावपळ करायला आवडत नाही. तिथल्या साहेबांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं, बंदूक आणि परवाना कधीचे जमा झालेत ते विचारलं, घरात दारू-काडतूस काही नाही ना याची खात्री केली, आणि काडतुसाच्या बुडाला बार उडवणारी टोपी बसवायची बाजूची दांडी तेवढी काढून जमा करायला लावली. ती काढताना त्यांच्या माणसाला घाम फुटला. आता यंत्रानं काडतूस भरता येणार नव्हतं, फक्त ते फिरू शकलं असतं. घरी येऊन हे सांगितलं तर आप्पा म्हणाले, "मंग ऱ्हायलं काय त्याच्यात?"

"फिरायचं राहिलंय. तेवढं तर फिरू दे."

एका जुन्या डालड्याच्या डब्यात यंत्र डिझेलमधे बुडवून गच्चीवर ठेवलं. रोज सकाळी मी एक काडी घालून बघायची आणि आप्पा खालून ओरडायचे, "हलवू नको! मुरू दे!" लोणच्याची बरणी आणि हे यंत्र, दोन्हींना त्यांचं एकच शास्त्र. आठवड्याभरानं काढलं तर वरची पुटं सुटून आली होती. मी तारेचा ब्रश घेतला, पॉलिश पेपर घेतला आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून घासायला लागले. आप्पांना जिना चढायला लावला. एक पायरी, थांबा, एक पायरी. तोंडानं मला आणि देवाला शिव्या देत ते वर आले, खुर्चीत बसले, आणि नंतर रोज यायला लागले.

मधे मी एक घोळ घातला. पितळ चिंच-मिठानं लख्ख निघतं हे कुणाही बाईला माहीत असतं. पितळेचा भाग दिसायला लागला म्हणून उत्साहाच्या भरात मी सगळं यंत्रच चिंचेच्या कोळात घालून ठेवलं. सकाळी पितळ सोन्यासारखं आणि लोखंड काळंठिक्कर. उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस. आप्पांनी ते बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विसरणार नाही. "कुंकवानं गंजतंय म्हणून लई बोलली मला. आता चिंचेची पूजा तू केली." मी गुमान पुन्हा ब्रश उचलला.

घासून, पुसून, उन्हात तापवून, शिलाई मशीनचं तेल सांध्यासांध्यात सोडलं. यंत्र आता यंत्रासारखं दिसत होतं, पण दांडा फिरत नव्हता. नवऱ्यानं हातोडी आणली. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले, "खबरदार! हातोडीनं निघालेलं परत बसत नाय!" मग रोज थोडं तेल, रोज थोडा हिसका. एका दुपारी ग्राहक बाई माप द्यायला येऊन गेली, मी सहज जाता जाता दांड्याला हात लावला आणि तो करकर करत पाव वेढा फिरला. मी आप्पांना हाक मारली ती शेजारच्या गल्लीत ऐकू गेली असेल.

माझ्या कापायच्या टेबलाच्या कडेला आम्ही ते घट्ट बसवलं. दांड्याची लाकडी मूठ कधीच कुजून गेली होती. माझं एक लाटणं मधून तडकलेलं होतं, त्याची मूठ कापून, भोक पाडून तिथं बसवली. जुन्या कॅलेंडरचा जाड कागद मी खळीनं चिकटवून त्याच्या नळ्या केल्या, लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापल्या. आत घालायला काहीच नाही, नुसती रिकामी नळी, वर चकती. तोंड वळवून बघायचं होतं, बास.

तिथं अडचण समजली. यंत्र उजव्या हाताचं होतं. उजव्या हातानं दांडा फिरवायचा आणि त्याच वेळी डाव्या हातानं खटका ढकलत नळी दाबत न्यायची. आप्पा म्हणाले, मी डाव्यानं फिरवतो, तू खटका दाब. तसं केलं, तर नळीचा कागद फाटला. पुन्हा केलं, पुन्हा फाटला. मी म्हणाले तुम्ही खटका दाबा, मी फिरवते. चुरगळला. किती फिरलं की किती दाबायचं, हे एकाच माणसाच्या अंगात असावं लागतं. आम्ही एकमेकांना दोष देऊन दमलो. मग आप्पांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मांडीवरून उचलून लाटण्याच्या मुठीवर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला.

"बाई," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "चिंधी हाये का एखादी?"

अस्तराच्या कापडाची पट्टी काढून मी त्यांचा हात मुठीला बांधला. बांधताना मी उगीच बडबड करत होते, पट्टी सैल नको, घट्ट नको, असं काहीतरी. त्यांनी खांद्यातून जोर लावला. दांडा हलला आणि अडकला. पुन्हा हलला. कपाळावर घाम आला तरी थांबेनात. त्या दिवशी एकही मुरड पडली नाही. पण चहा झाल्यावर ते आपणहून परत टेबलापाशी येऊन बसले.

पुढं आमच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी चालायला लागल्या. मी शिवायची, आप्पा फिरवायचे. कॅलेंडरवरचे देव आणि एकादश्या सगळ्यांची आम्ही काडतुसं केली. फाटलेल्या नळ्यांचा ढीग व्हायचा. करमाडच्या ताईंनी पट्टी बांधलेला हात बघितला, दांडा स्वतः फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "याच्यापुढं माझा चेंडू कोण दाबणार? चालू ठेवा आप्पा. पण चकती बी उजव्याच हातानं ठेवायची, अंगठा आन् बोटात धरून." आप्पांनी तोंड वाकडं केलं. ताई गेल्यावर चकती उचलायला त्यांना अख्खी सकाळ लागली. उचलायचे, पडायची, मी टेबलाखाली शिरून शोधायची. एकदा शेवटी वैतागून मी म्हणाले, "आप्पा, माझी कंबर मोडायची का तुमचा अंगठा चालायचा, काय आधी होतंय ते बघू." ते म्हणाले, "कंबर."

माझी एक जुनी ग्राहक ब्लाउज न्यायला आली. यंत्र बघून तिचे डोळे चमकले. "अय्या, शेवयाचं मशीन! आता असलं दणकट मिळतच नाय. काका, उन्हाळ्यात आम्हाला चार दिवस द्याल का?" आप्पांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि हसायला लागले. तोंडाची एकच बाजू हसत होती, पण पोटातून हसत होते. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. बाई बावरली. तिला मी खरं सांगितलं नाही. शेवयाचंच आहे म्हणाले.

पट्टी कधी सुटली ते सांगता येत नाही. सैल बांधायला लागले, मग एक दिवस बांधायची राहून गेली आणि दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. पहिली नीट मुरड पडली तेव्हा आप्पांनी ती नळी मला दाखवली नाही, खिशात घातली. मी कपडे धुताना ती मला सापडली आणि मी ती पुन्हा त्यांच्या स्वच्छ बंडीच्या खिशात ठेवून दिली.

खंडेनवमीला पाटावर सगळं मांडलं. विळा, कोयता, पातं, माझी कात्री, टेप, आणि मधोमध यंत्र. मी सवयीनं पाण्याची पळी उचलली. आप्पांनी डोळे वटारले, "पाणी नको शिंपडू." त्यांनी कोरडं कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि नमस्कार झाल्याबरोबर माझ्या मशीनची तेलाची बुधली मागून घेतली. एवढ्या वर्षांची घरची रीत मोडताना ते जरा कचरले असावेत. तेल लावून झाल्यावर यंत्राला दुसऱ्यांदा पाया पडले.

तरीही ताट खोलीतच जात होतं. हे मला फार लागायचं. हात हलतोय, बोटं मिटताहेत, चकती उचलली जातेय, मग दार का लागतंय? मी एकदा विचारायला तोंड उघडलं, पण नवऱ्यानं नजरेनंच थांबवलं. दिवाळी जवळ आली होती. आप्पांनी गावाकडं जायचं म्हटलेलं मागं घेतलं नव्हतं. मीही त्यांना थांबा म्हणाले नाही, कारण मी थांबा म्हणाले की ते नक्की जातील हे मला माहीत होतं. दुधात भाकरी कुस्करताना मात्र माझे डोळे भरून यायचे.

दिवाळीच्या ऑर्डरी डोक्यावर होत्या. त्या दुपारी आप्पांचं ताट खोलीत देऊन झालं होतं, नवरा कंपनीत होता, आणि मला जेवायला तीन वाजले. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा असं घेऊन मी टेबलाशी बसले. खोलीचं दार वाजलं. आप्पा काठी टेकत आले, त्यांनी माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसले. काही हवंय का, असं मी विचारलं. माझ्या ताटातली अर्धी भाकरी त्यांनी आपल्याकडं ओढून घेतली.

मी मान खाली घातली. पिठल्याकडं बघत राहिले. मला सगळं ऐकू येत होतं. बोटं भाकरीवर घसरत होती. एकदा नख ताटाला लागलं. त्यांचा श्वास जोरात चालला होता. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते उठून जातील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मग भाकरी मोडल्याचा तो कोरडा, बारीक आवाज आला.

"बघ की इकडं," आप्पा म्हणाले.

मी मान हलवली, पण वर केली नाही.

"बघ म्हंतोय ना. बघायला काय झालं?"

मी वर बघितलं. घास उजव्या हातात होता. पिठल्यात बुडवताना निम्मा त्यातच पडला, उरलेला थरथरत तोंडापर्यंत गेला, थोडं पिठलं मिशीला लागलं. ते चावत होते आणि माझ्याकडंच बघत होते. मी ढसाढसा रडले, लपवलं नाही. आप्पांनी मला रडू दिलं, दुसरा घास मोडायला घेतला आणि म्हणाले, "पिठल्यात मीठ कमी हाये."